वाळूमाशीचे गणगोत

१९६५ साली नागपुरात तापाची मोठी साथ आली. चिकुनगुन्या आणि डेंगी हे दोन्ही आजार एकाच वेळी शहरात शिरले होते. घराघरांत माणसे अंथरुणाला खिळली होती, आणि साथीचा माग काढायला पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातली मंडळी तिकडे गेली होती. हे केंद्र १९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेतले रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून उभे केले. पुढे १९७८ साली त्याचे नाव राष्ट्रीय विषाणू संस्था झाले. तीच आपली एनआयव्ही. रुग्णांच्या रक्ताचे नमुने पुण्याला आले, तपासले गेले, आणि त्यांतल्या दोघांच्या रक्तात भलताच विषाणू निघाला. तो चिकुनगुन्याशी जुळेना, डेंगीशी जुळेना, केंद्रातल्या ओळखीच्या कुठल्याच विषाणूशी जुळेना. पी. एन. भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी १९६७ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये त्याची हकीकत छापली. रुग्ण ज्या गावचे, त्या गावाचे नाव विषाणूला मिळाले: चांदीपुरा.

सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा दिसतो. रेबीजचा विषाणू ज्या कुळातला त्याच कुळातला हाही. तरी तेव्हा त्याच्याकडे कुणाचे फारसे लक्ष गेले नाही. दोन माणसांना ताप आला आणि उतरला, एवढीच त्याची हकीकत होती. साथीच्या गदारोळात एक नवा विषाणू हाती लागला, वहीत नोंद झाली, नमुना शीतपेटीत गेला. हे लहान मुलांचे जीव घेणारे प्रकरण आहे, हे कळायला जवळपास चाळीस वर्षे जायची होती.

पण एक प्रश्न पुण्यातल्या कीटकशास्त्रज्ञांना तेव्हाच पडला होता. हा विषाणू माणसापर्यंत येतो कशातून? चिकुनगुन्या आणि डेंगी डासांतून येतात, म्हणून पहिला संशय डासांवर जाणे साहजिक होते. उत्तर मात्र निघाले नागपुरापासून दूर, मराठवाड्यात. १९६९ साली औरंगाबाद जिल्ह्यात वाळूमाश्या पकडण्यात आल्या आणि त्यांतून चांदीपुरा विषाणू वेगळा झाला. व्ही. धांडा, रॉड्रिग्ज आणि एस. एन. घोष यांची ती छोटी टिपणवजा नोंद १९७० साली प्रसिद्ध झाली. दोन पानांची ती नोंद मला आपल्याकडच्या वैद्यकाच्या इतिहासातली एक मोठी घटना वाटते. पुढच्या पन्नास वर्षांचा सगळा शोध तिच्यातूनच निघतो, आणि या शोधाला छळणारी अडचणही तिच्यातच आहे.

अडचण अशी. वाळूमाशी दोन-तीन मिलिमीटरची असते. एका माशीत विषाणू असलाच तर तो नाममात्र, आणि हजारांत एखाद्याच माशीत. म्हणून माश्या एकेक तपासत बसत नाहीत. पन्नास, शंभर, दोनशे माश्यांचा एक गट करतात, त्याला प्रयोगशाळेत ‘पूल’ म्हणतात. तो पूल थंड द्रावणात घालून वाटायचा, गाळायचा आणि तो अर्क नुकत्याच जन्मलेल्या पांढऱ्या उंदरांच्या पिल्लांना टोचायचा. पिल्ले आजारी पडली तर विषाणू आहे असे समजायचे. त्या काळी हीच रूढ रीत होती. औरंगाबादचा तो पूल सुमारे अडीचशे माश्यांचा होता, आणि त्या माश्या नेमक्या कोणत्या प्रजातीच्या ते ठरवलेले नव्हते. म्हणजे विषाणू हाती लागला, पण ज्या माशीत तो होता तिचे नाव तिच्याबरोबरच खलात वाटले गेले.

यात कुणाची हयगय नव्हती. वाळूमाशीची प्रजात ओळखायची तर तिला मारून क्षारात भिजवावे लागते, म्हणजे अंगातले मांस विरघळून कातडीचा पारदर्शक सांगाडा उरतो. मग सुईने डोके आणि पोटाचे टोक वेगळे करायचे, काचपट्टीवर बसवायचे आणि घशातल्या पोकळीच्या तळाशी असलेले दात मोजायचे. मादीच्या पोटातल्या वीर्यकोशाला वळ्या किती, नराच्या जननांगावर काटे किती आणि कुठे, याची नोंद करायची. पोटावरचे केस उभे आहेत की अंगाला चिकटून झोपलेले, तेही पाहायचे. केस उभे असले तर साधारण फ्लेबोटोमस, झोपलेले असले तर सर्जेंटोमिया. या दोन मोठ्या गटांत आपल्याकडच्या बहुतेक वाळूमाश्या बसतात. हे सगळे होईपर्यंत विषाणूचा मागमूस उरत नाही. जिवंत विषाणू हवा असेल तर माशी वाटायची, आणि माशीचे नाव हवे असेल तर विषाणूवर पाणी सोडायचे. १९६९ साली यातले एकच काहीतरी हाती येत असे.

आता ही वाळूमाशी कोण, हे नीट पाहायला हवे, कारण तिची एक बहीण आपल्या सगळ्यांच्या घरात असते. न्हाणीघरात, मोरीच्या तोंडाशी, बेसिनच्या मागच्या भिंतीवर एक करडी, केसाळ, बोटभरही न उडणारी माशी बसलेली असते. पंख अंगावर कौलारू छपरासारखे उतरते, कडेला केसांची झालर. चिमटीत धरली तर बोटाला राखेसारखी भुकटी लागते. इंग्रजीत तिला पतंगाचे नाव जोडले आहे आणि ते चुकीचे नाही. लांबून ती बारक्या पतंगासारखीच दिसते. हिच्या अळ्या सांडपाण्याच्या नळीत साठलेल्या गाळावर वाढतात. ती चावत नाही. वाळूमाशी हिच्याच कुळातली. या कुळाला सायकोडिडी म्हणतात. तिचे पंखही केसाळ आणि त्यांवरच्या शिराही तशाच लांब, समांतर. फरक इतकाच, की ती पंख छपरासारखे न ठेवता वर उचलून ठेवते, एका उड्डाणात फार लांब न जाता टुणटुण उडत पुढे सरकते, आणि तिची मादी रक्त पिते.

आता ही माशी राहते कुठे ते पाहू. सेनगाव तालुक्यातले पुसेगाव, हिंगोली, मागे परभणी, पुढे वाशीम आणि यवतमाळ हा सगळा पट्टा एका बाजूला तेव्हाचे औरंगाबाद आणि दुसऱ्या बाजूला नागपूर यांच्या मध्ये येतो. एका टोकाला विषाणू माणसात सापडला, दुसऱ्या टोकाला माशीत. या पट्ट्यातले जुने घर डोळ्यांसमोर आणावे. जाड मातीच्या भिंती, वर माळवद, भिंतीत देवळ्या, एका अंगाला गोठा, जमिनीला शेणाचे सारवण. उन्हाळ्यात भिंतीला भेगा पडतात आणि पहिल्या पावसात त्या भेगांत ओल धरते. वाळूमाशीला लागते ते एवढेच: दिवसा लपायला अंधारी ओलसर सांद, अंडी घालायला शेण-पाचोळा मिसळलेली माती, आणि रात्री बाहेर पडल्यावर हाताशी गुरे, कुत्री, पाली, माणसे. तिला डासासारखे साठलेले पाणी लागत नाही. म्हणूनच डबकी बुजवून, टाक्या झाकून डेंगीला आळा घालता येतो, तसा हिला घालता येत नाही. तिच्या अळ्या तर इतक्या विखरून मातीत असतात की अनुभवी माणसालाही त्या सापडणे मुश्कील. मोठी माशी पकडायची तर पहाटे गोठ्यात विजेरी मारून, काचेच्या नळीने तोंडाने ओढून पकडतात. मध्ये जाळीचा तुकडा असतो, म्हणून ती घशात जात नाही.

या कुळाची नोंद फार जुनी आहे. मोरीतल्या माशीच्या एका प्रजातीला लिनियसने १७५८ सालीच पतंगासारखी असे नाव दिले होते. सायकोडा हा गट लात्रेयने १७९६ साली केला. रक्त पिणाऱ्या पापातासी माशीचे वर्णन स्कोपोलीने १७८६ साली केले. आपल्याकडचे काम विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये सुरू झाले. तिथले नेल्सन अॅनंडेल आणि माश्यांच्या मागे लागलेला हौशी अभ्यासक एनरिको ब्रुनेटी यांनी १९०८च्या सुमारास भारतातल्या सायकोडिडींची वर्णने छापली. चंदेरी पायांची आर्जेंटिपस ही वाळूमाशी त्यातलीच.

पुढे याच आर्जेंटिपसवर काळ्या आजाराचे सारे गूढ येऊन थांबले. आसाम-बंगाल-बिहारात हजारो माणसे त्या तापाने झिजून मरत होती. १९०३ साली लीशमन आणि मद्रासचे डोनोव्हन यांनी त्याचा परजीवी दाखवला. ढेकूण, पिसू, डास असे एकेक करून वाहकाचे उमेदवार बाद होत गेले. तेव्हा जॉन सिंटन या लष्करी डॉक्टराने एक साधे काम केले. मेसोपोटेमियाच्या रणांगणावर १९१६ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला हा माणूस नंतर वर्षानुवर्षे भारतातल्या वाळूमाश्यांच्या काचपट्ट्या लावत बसला. १९२४-२५च्या सुमारास त्याने काळ्या आजाराचा नकाशा आणि आर्जेंटिपसचा नकाशा शेजारी ठेवले. जिथे जिथे आजार, तिथे तिथे ही माशी. त्याच सुमाराला कलकत्त्यात नोल्स, नेपियर आणि स्मिथ यांना आर्जेंटिपसच्या पोटात परजीवी वाढताना दिसला. तरी माशी चावून माणसाला आजार होतो हे निर्विवाद सिद्ध व्हायला १९४२ साल उजाडले. स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसामात स्वयंसेवकांवर ते दाखवले. पण सिंटनच्या नकाशातली एक बाजू उघडीच राहिली. आजार तिथे माशी हे खरे. माशी तिथे आजार हे मात्र खरे नव्हते. दक्षिणेत आणि पश्चिमेत आर्जेंटिपस भरपूर आहे, काळा आजार नाही. तिकडची माशी गुरांवर जास्त जाते. मग ती तीच माशी की तिच्यासारखी दिसणारी दुसरीच? के. इलँगो यांनी २०१० साली आर्जेंटिपस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माश्या एक नसून तीन प्रजातींचा संच आहे असे मांडले. आणि तेही स्पर्शिकेवरच्या बारीक केसाळ अवयवांची लांबी मोजून.

सिंटनच्या त्या काळातच कलकत्त्यातल्या दुसऱ्या एका खोलीत या कुळाचा एक विलक्षण सदस्य सापडला. झुऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे सुंदरलाल होरा हिमालयातल्या खळाळत्या ओढ्यांत दगडाला चिकटून राहणारे जीव गोळा करत. त्यांतल्या काही अळ्यांना पोटाखाली चोषक होते; धारेत वाहून जाऊ नये म्हणून दगडाला धरून राहण्याची सोय. ए. एल. टोन्वार यांनी १९३३ साली ‘रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम’मध्ये त्यांचे वर्णन केले आणि होरांच्या नावावरून गटाला होरायेला म्हटले. हा गट इतका वेगळा की त्याला स्वतंत्र उपकुळ द्यावे लागले. सायकोडिडी कुळाची सहा उपकुळे मानतात, त्यांतले एक अशा रीतीने एका भारतीय प्राणिशास्त्रज्ञाचे नाव घेऊन उभे आहे. याचा आपण कधी उच्चारही करत नाही, याची खंत वाटते.

सहा उपकुळे झाली, पण त्यांचे आपसांतले नाते काय? इथे शंभर वर्षे मतभेद चालला. एका पक्षाचे म्हणणे, वाळूमाश्या रक्त पितात, बाकीच्या पीत नाहीत. त्यांना वेगळे कुळच द्या, फ्लेबोटोमिडी. दुसरा पक्ष म्हणे, नाही, त्या सायकोडिडीतच आहेत, शिरा पाहा, केस पाहा. हा वाद कागदावरचा वाटेल, पण तो आपल्या दारापर्यंत आला आहे. २००५ साली पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या करीमनगरच्या वाळूमाश्यांत चांदीपुरा विषाणू सापडल्याचे जे टिपण छापले, त्याच्या शीर्षकात कुळ फ्लेबोटोमिडी असे आहे. सात वर्षांनी पुदुच्चेरीच्या वाहक नियंत्रण संशोधन केंद्रातून आलेल्या निबंधाच्या शीर्षकात त्याच माश्यांचे कुळ सायकोडिडी आहे. देश तोच, परिषद तीच, माश्या त्याच, आणि घराणी दोन.

शिवाय रक्ताचा प्रश्न वाटतो तितका सरळ नव्हता. दुसऱ्या एका उपकुळातल्या सायकोरॅक्स गटाच्या माद्या बेडकांचे रक्त पितात. मग रक्त पिण्याची सवय या कुळाच्या मूळ पूर्वजातच होती आणि मोरीतल्या माशीने ती सोडली? की ती दोनदा, वेगवेगळ्या फांद्यांवर स्वतंत्रपणे आली? वंशवृक्ष बरोबर काढल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही. शरीराच्या खुणा इथे दगा देतात, कारण सारखी राहणी असलेल्या प्राण्यांची अंगे सारखी होत जातात, आणि रक्त पिणे सोडले की सुया-दाभणांसारखे तोंडाचे अवयव झडून जातात. जे झडले त्यावरून नाते कसे सांगणार?

इथे डीएनए कामाला आला. पश्चिम महाराष्ट्रात हेळवी घरोघर येऊन वहीतून पिढ्या वाचून दाखवतात. कोण कुठून फुटले, कुणाची शाखा कुठे गेली, हे त्या वहीत असते. प्रत्येक माशीच्या पेशीत अशी एक वही असते, फक्त तीत नावे नसून चार अक्षरांची लांबच लांब ओळ असते, आणि दर काही पिढ्यांनी तीत एखादे अक्षर चुकते. चुका पुढच्या पिढीत जशाच्या तशा उतरतात. ज्या दोन माश्यांत चुका सारख्या, त्यांचा पूर्वज जवळचा. कॅरी मलिसने १९८३ साली शोधलेल्या पीसीआर पद्धतीने हव्या त्या तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढता येऊ लागल्या, आणि मग माशीचा एक पाय पुरेसा झाला. पाय डीएनएसाठी काढायचा, डोके आणि पोटाचे टोक काचपट्टीवर ठेवायचे, मधला भाग विषाणूसाठी राखायचा. १९६९ साली जे एकमेकांच्या आड येत होते ते आता एकाच माशीत साधू लागले.

कोणता तुकडा वाचायचा हे प्रश्नावर ठरते. जवळच्या प्रजाती वेगळ्या करायच्या तर पेशीतल्या मायटोकाँड्रियातले जनुक बरे, कारण तिथे चुका भराभर साठतात. २००३ साली कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हिबर्ट यांनी सायटोक्रोम ऑक्सिडेझ या जनुकाचा साडेसहाशेच्या आसपास अक्षरांचा एक तुकडा सगळ्या प्राण्यांसाठी ओळखपट्टी म्हणून वापरावा असे सुचवले. दुकानातल्या वस्तूवरच्या पट्टीवरून त्याला बारकोड म्हणू लागले. पण कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटलेल्या शाखांसाठी हा तुकडा निकामी. एकाच जागी अक्षर इतक्या वेळा बदललेले असते की जुनी खूण पुसली जाते. त्यासाठी केंद्रकातली, सावकाश बदलणारी जनुके लागतात.

वाळूमाश्यांच्या बाबतीत १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून युरोपातल्या प्रयोगशाळांनी हे काम सुरू केले. भूमध्य समुद्राकाठच्या फ्लेबोटोमसच्या उपगटांची नाती त्यांनी आधी मायटोकाँड्रियाच्या आणि मग रायबोसोमच्या जनुकांवरून लावली. संपूर्ण कुळाचा वृक्ष मात्र २०१२ साली पुढे आला. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाचे ग्रेगरी कर्लर आणि जॉन मोल्टन यांनी केंद्रकातल्या जनुकांवरून उपकुळांची मांडणी केली आणि जुन्या शरीरखुणांचा पुरावा त्याच्याशी ताडून पाहिला. त्याच वर्षी आनाही एस्पिंडोला आणि सहकाऱ्यांनी मोरीतल्या माश्यांच्या उपकुळाचा वृक्ष काढला. एस्पिंडोला या मुळात वनस्पतींच्या अभ्यासक. अळू आणि सुरण ज्या कुळातले, त्याच कुळातल्या अॅरम या युरोपीय वनस्पतीचे परागण या बारक्या माश्या करतात. फूल कुजकट वास सोडते, माशी आत घसरते, रात्रभर अडकते आणि सकाळी पराग घेऊन सुटते. फुलाचा इतिहास समजायचा तर माशीचा समजला पाहिजे, म्हणून त्या माशीकडे वळल्या. असा एका शास्त्रातून दुसऱ्यात जाणारा रस्ता मला फार भावतो.

या सगळ्या कामातून वाळूमाश्या हे वेगळे घराणे नसून सायकोडिडीचीच एक फांदी आहेत, हे मत बळकट झाले. सहा फांद्या नेमक्या कोणत्या क्रमाने फुटल्या यावर मात्र अजून खल चालू आहे. कारण त्या फार पूर्वी आणि बहुधा एकामागोमाग लवकर फुटल्या. किती पूर्वी, ते राळेत अडकलेल्या माश्यांवरून कळते. लेबनॉनच्या राळेतल्या सायकोडिडी बारा कोटी वर्षांहून जुन्या आहेत. म्यानमारच्या सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या राळेतल्या मोरीमाश्या आणि वाळूमाश्या यांची वर्णने २०१५ साली प्रसिद्ध झाली. त्या पाहताना थक्क व्हायला होते. पंख, शिरा, केस, सगळे आजच्यासारखे. पुसेगावच्या काळ्या जमिनीखालचा कातळ ज्या लाव्ह्यातून बनला तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे मराठवाड्याचा दगड थिजला तेव्हा वाळूमाशी जगात येऊन तीन कोटी वर्षांहून अधिक काळ लोटला होता. माणूस, गाय, गोठा, माळवद ही तिच्या दृष्टीने कालपरवाची सोय आहे. डायनोसॉरच्या काळापासून सरपटणारे प्राणी तिच्या अवतीभवती होते, आणि आजही सर्जेंटोमियातल्या बहुतेक प्रजाती पाली-सरड्यांचे रक्त पितात.

ही शेवटची बाब ध्यानात ठेवून पुन्हा चांदीपुराकडे यायला हवे. २००३च्या पावसाळ्यात आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ आली. सकाळी खेळणारे मूल दुपारी तापाने फणफणे, झटके येत, बेशुद्ध होई, आणि दवाखान्यात आणल्यावर एक-दोन दिवसांतच जाई. ३२९ मुले आजारी पडली, १८३ दगावली. पुण्याच्या एनआयव्हीने कारण शोधले: चाळीस वर्षांपूर्वी वहीत नोंदवून ठेवलेला चांदीपुरा. बी. एल. राव, विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांचा तो निबंध २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. आकडे वाचून पुढे जाता येत नाही. १८३ घरे; आणि बहुतेक घरांत आई-बापांना नीट काय झाले तेही कळले नसेल. २००७ साली नागपूर विभागात तीच साथ आली. ७८ मुले, त्यांतली चाळीस टक्क्यांहून अधिक दगावली.

आता जुना प्रश्न नव्या निकडीने उभा राहिला. कोणती माशी? पुण्याच्या प्रयोगशाळेत पापातासी माशीची पैदास होती. एम. एस. मवाळे आणि सहकाऱ्यांनी तिच्यावर प्रयोग करून २००७ साली दाखवले की हा विषाणू नर-मादीच्या मिलनातूनही एका माशीकडून दुसरीकडे जातो. मादीकडून अंड्यांत उतरतो हे १९८३ सालीच अमेरिकेत टेश आणि मोदी यांनी दाखवले होते. म्हणजे माणूस किंवा जनावर मध्ये नसतानाही माश्यांच्या वस्तीत विषाणू टिकून राहू शकतो. पण हे झाले पिंजऱ्यातल्या पापातासीचे. गावात काय होते? करीमनगरला विषाणू सापडला तो सर्जेंटोमिया गटात. २०१२च्या जुलैत विदर्भात पुन्हा मेंदूज्वर आला, तेव्हा ए. बी. सुदीप आणि सहकाऱ्यांनी ६२५ सर्जेंटोमिया माश्यांचे २९ पूल तपासले आणि नागपूर जिल्ह्यातल्या माश्यांतून जिवंत विषाणू काढून दाखवला. पालींचे रक्त पिणाऱ्या गटात मुलांना मारणारा विषाणू! मग या गटातली एखादी प्रजात माणसालाही चावते काय? की ती विषाणू नुसता सांभाळते आणि माणसापर्यंत आणते दुसरीच कोणी? २०१४ साली छापलेल्या त्या निबंधाच्या शीर्षकातही गटाचेच नाव आहे, प्रजातीचे नाही. औरंगाबादच्या पुलाला तेव्हा पंचेचाळीस वर्षे झाली होती.

म्हणूनच पुदुच्चेरीच्या एन. प्रदीप कुमार, आर. श्रीनिवासन आणि पी. जंबुलिंगम यांचे २०१२ सालचे काम मला मोलाचे वाटते. त्यांनी महाराष्ट्र, राजस्थान आणि पुदुच्चेरी इथून वाळूमाश्या गोळा केल्या, आधी जुन्या रीतीने काचपट्टीवर ओळखल्या, आणि मग प्रत्येकीचा बारकोड वाचून दोन्ही ताडून पाहिले. अशी ताडून पाहिलेली पट्टी एकदा तयार झाली की पुढच्या माणसाला घशातले दात मोजत बसावे लागत नाही. पायावरून प्रजात कळते, पोटातल्या रक्ताच्या डीएनएवरून तिने गाय, माणूस, पाल यांपैकी कुणाला चावले ते कळते, आणि उरलेल्या अंगावरून विषाणू आहे की नाही ते कळते. एकाच माशीकडून तिन्ही उत्तरे मिळतात.

संपूर्ण जनुकसंच वाचण्याचे कामही झाले आहे, ते पापातासी आणि दक्षिण अमेरिकेतली लाँगिपाल्पिस या दोन वाळूमाश्यांचे. तो निबंध २०२३ साली आला. दोन्ही काळ्या आजाराच्या जातीचे परजीवी वाहतात म्हणून त्यांना अग्रक्रम मिळाला. सर्जेंटोमियाला तसा अग्रक्रम मिळाला नाही, आणि आपल्याकडे विषाणू दोनदा सापडला तो तिच्याच फांदीवर. हे काम दुसऱ्या कुणी आपल्यासाठी करण्याची वाट पाहू नये. सेनेगलमध्येही वाळूमाश्यांत हा विषाणू सापडला आहे, पण त्याने साथी घडवल्या त्या भारतात, आणि त्याला नाव आहे ते नागपूरजवळच्या गावाचे. साथ येते तेव्हाच माश्या पकडायला पथक धावते; मधल्या वर्षांत गोठ्यातली माशी कोण, किती, कुणाला चावते, हे गावोगाव मोजून ठेवलेले असावे. हिंगोली-परभणीपासून वाशीम-यवतमाळपर्यंतच्या सलग पट्ट्यात हे मोजायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. विजेरी, काचेची नळी, थंड डबा आणि पुण्याला जाणारी गाडी, एवढ्यावर सुरुवात होते.

२०२४च्या जूनमध्ये गुजरातेत साबरकांठ्याकडे मुले पुन्हा आजारी पडू लागली. १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, ८२ मृत्यू झाले, आणि ६४ जणांत चांदीपुरा विषाणू नक्की झाला. त्यांतले ६१ गुजरातचे, तीन राजस्थानचे. जागतिक आरोग्य संघटनेने वीस वर्षांतली ही सर्वांत मोठी साथ असल्याचे म्हटले. आरोग्य कर्मचारी मातीच्या घरांतून फिरले, भिंतीच्या भेगांत मॅलेथिऑनची भुकटी उडवली, गोठे झाडून घेतले, आणि नमुने पुण्याला पाठवले.